बाबांची अर्धी चाल

पाऊस एकदम एवढा वाढला की पुढची वाटच पुसली गेली. मी सायकल चर्चच्या भिंतीला टेकवली आणि दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीखाली जाऊन उभी राहिले. कानांत पाणी, बुटांत पाणी, आणि टोपलीतला पाव... त्याचं तर नावच नको.

तिथं आधीच कुणीतरी होतं. छपरावर काम करणारा. अंगभर स्लेटची करडी धूळ, पावसानं तिचे ओघळ झालेले, आणि डाव्या भुवईवर एक थेंब, पडू की नको, पडू की नको, असा लोंबकळणारा.

"ओली हवा," तो म्हणाला.

"ओलीच," मी म्हणाले.

आमच्या नॉकबेग गावात अनोळखी माणसाशी एवढं बोललं की झालं. मी समुद्राकडे तोंड केलं. पण नजर पुन्हा वळली ती त्याच्या बोटांवर. परांचीच्या उभ्या खांबावर त्याचे दोन्ही हात होते, डावा वर, उजवा खाली, आणि बोटं चालली होती. नुसता चाळा नव्हता तो. जिगचा, आमच्याकडच्या नाचाच्या चालीचा, ठेका होता. एक बोट उठे आणि ते खाली यायच्या आत दुसरं उठलेलं. सगळी हवेत. कुणी घरी परतायलाच तयार नाही.

"तुम्ही उघडं वाजवता," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

त्यानं दचकून आधी शर्टाची बटणं तपासली. "काय उघडं?"

"पाइप. बोटांवरून कळतंय."

मग तो हसला. भुवईवरचा थेंब अखेर पडला. "आणि तुम्ही मिटलेलं वाजवणाऱ्यांपैकी."

"कशावरून?"

"एक वाक्य बोललात की ओठ घट्ट मिटता. दोन शब्दांच्या मध्येसुद्धा दार लावून घेता."

मला राग यायला हवा होता. आला का, ते आजही नक्की सांगता येणार नाही.

आमच्या पाइपचे दोन पंथ आहेत. कोपराखाली भाता, काखेत हवेची पिशवी, हातात सूरनळी, इथवर सगळे भाऊ-भाऊ. पुढं भांडण. मिटलेलं वाजवणारे प्रत्येक सुरानंतर सगळी भोकं झाकतात, नळीचं तोंड गुडघ्यावरच्या चामड्यावर दाबतात. दोन सुरांमध्ये शांततेचा एक बारीक टाका. उघडं वाजवणारे झाकण्याच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. त्यांचा सूर सुरात सांडत जातो. आमच्या घरात तीन पिढ्या मिटलेल्या. उघड्या वादनाला माझे बाबा 'गळकी पन्हळ' म्हणत, आणि मीही म्हणे.

"लॉर्कन डेव्हरू," तो म्हणाला. "वेक्सफर्डचा. या छपराची स्लेट पुरी होईपर्यंत इथंच आहे. सप्टेंबरअखेर."

"नुआला हेहिर."

"हेहिर? पाइपच्या पत्त्या करणारे कॉन हेहिर...?"

"माझे बाबा."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. भर पावसात. आणि मी, ओठ घट्ट मिटून, सायकलवर बसून निघाले. पाऊस थांबलेला नव्हता हे मला अर्ध्या वाटेवर कळलं.

*

बाबांच्या पत्त्या देशभर जातात. वेताच्या दोन पातळ पात्या पितळी नळीवर दोऱ्यानं बांधायच्या, सुरीनं तासायच्या, फुंकर मारायची, पुन्हा तासायच्या. सूरनळीचा सगळा जीव त्या पत्तीत. आता तासते मी. कारण पत्ती तासायला कान लागतो, आणि बाबांचे कान...

वसंतात आम्ही गॉलवेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, बाबांना ऐकू येईना म्हणून नव्हे, त्यांच्यानं बोलवेना म्हणून असावं. नाताळापर्यंत उरलंसुरलंही जाईल. यंत्र लावून माणसाचं बोलणं थोडंफार कळेल, पण संगीत ते नव्हेच.

परतीच्या बसमध्ये बाबा बराच वेळ खिडकीतून दगडी कुंपणं बघत होते. मग म्हणाले, "ती चाल पुरी ऐकायची राहिली बघ."

ती चाल! त्यांची अर्धी जिग मी जन्मापासून ऐकत आले आहे. सोळा मात्रांचा एकच भाग. आमच्याकडच्या जिगला दोन भाग असतात, एक दोनदा वाजवायचा, मग दुसरा दोनदा, मग पुन्हा पहिल्यावर. बाबा मात्र एक भाग दोनदा वाजवत आणि थांबत. जिना चढावा आणि वर खोलीच नसावी तसं. "पुढं?" मी विचारी. "पुढं नाही मिळालं." "कुणाकडून घेतली?" "एका ओल्या दिवशी, एका माणसाकडून." आमच्या इथं ओला नसलेला दिवस दाखवा आधी.

तेव्हा मी ठरवलं. नाताळाच्या आत दुसरा भाग शोधायचा आणि बाबांना ऐकवायचा. बस्स.

डब्लिनच्या मोठ्या संग्रहात हजारो चाली आहेत, आणि त्या सुरुवातीच्या सुरांवरून लावलेल्या असतात, शब्दकोशात शब्द लावावेत तशा. मी बाबांचा भाग वाजवून पाठवला. तिथल्या बाईंचं उत्तर आठवड्यात आलं, फार गोड होतं, आणि त्याचा अर्थ एवढाच की अशा सुरुवातीची चाल आमच्या कपाटांत नाही. मी म्हाताऱ्या वादकांच्या घरी गेले. एकानं तिला 'बिशपचं गाढव' म्हटलं. दुसऱ्यानं 'ओली चादर'. दोघांनी वाजवून दाखवलेलं तिसरंच काहीतरी होतं. डोकं पार भणाणून गेलं.

आणि त्यात हा लॉर्कन.

दर रविवारी दुपारी ब्रायडीच्या पबमध्ये कोपऱ्यातल्या बाकांवर बैठक जमते. तो येई आणि एक पाय खुर्चीवर ठेवून, उभ्यानं वाजवी.

"इथं बसायची सोय आहे," मी पहिल्याच रविवारी म्हणाले.

"आमचे आजोबा जत्रेत वाजवायचे. घोड्यांच्या बाजारात. तिथं बसून वाजवलं तर घोड्यालासुद्धा ऐकू जात नाही."

"म्हणून इथं घोडे समजून वाजवताय?"

ब्रायडीनं काळ्या बिअरचा पेला त्याच्यासमोर ठेवला. पबची मालकीण ती. पन्नाशीची, गल्ल्यामागे उभी राहून गावाची लग्नं जुळवायची खोड. "वाजव रे तू," ती म्हणाली. "हिच्या घरात सूरसुद्धा रांगेत उभे राहून, तिकीट काढून बाहेर येतात."

लोक हसले. तोही. मला त्याच्या वाजवण्याचा संताप येई. नळ सुरू ठेवून माणूस बाहेर निघून जावा तसं ते घळघळत वाहायचं. सगळ्यांत वाईट त्याची शेवटची चाल. पाइप आवरण्यापूर्वी तो नेहमी तीच वाजवी, तीही इतक्या वेगात की सूर एकमेकांच्या टाचा तुडवत पळत. लोक पहिल्या ओळीपासूनच टाळ्या वाजवू लागत. मी कोट घालून दाराशी पोचलेली असे.

तरीही पुढच्या रविवारी मी त्याच बाकावर असे. का? मलाही कळेना. ब्रायडीला कळत असावं, कारण ती माझ्यासाठी चहा आणताना दोन कप आणू लागली.

*

जुलैत तो आमच्या पत्त्यांच्या खोलीत आला. कोटाच्या आत सूरनळी, तान्ह्या मुलासारखी.

"वरचा सूर किंचाळतो," तो म्हणाला.

"तुम्ही झाकत नाही म्हणून."

"पत्ती म्हणतोय मी, नुआला. माझा स्वभाव नंतर दुरुस्त करा."

मी पत्ती काढली. उन्हाकडे धरली. एका बाजूला केसभर जाड होती. तासताना तो माझ्या हाताकडे बघत होता, इतक्या जवळून की सुरी चालवताना मला श्वास रोखावा लागला. अर्थात पत्तीसाठी. पत्तीसाठीच.

बाहेर बाबा भोपळ्यांना पाणी घालत होते. लॉर्कननं खिडकीतून त्यांना नमस्कार केला, आणि बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून मान हलवली. "ऐकू येत नाही त्यांना?" त्यानं मला हळूच विचारलं. मग मी सगळं सांगितलं. नाताळ, डॉक्टर, अर्धी जिग, गाढव, चादर. का सांगितलं कुणास ठाऊक. ज्याच्या वाजवण्याची मी गावभर टिंगल करत होते, त्याला.

"वाजव," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'वाजवा' म्हणाला नाही.

मी वाजवली. बाबांच्यासारखी, सावकाश, एकेक सूर मिटून.

त्याच्या कपाळावर आठी पडली. "थांब... हे मी कुठंतरी..." तो डोळे मिटून बसला. बोटं गुडघ्यावर अर्धवट हलली आणि थांबली. "नाही. गेलं. दाराशी कुणी येऊन परत गेल्यासारखं झालं."

"सगळे असंच म्हणतात."

"मग आपण मिळून शोधू."

"आपण?"

"का? उघड्या माणसाला शोधायची मनाई आहे?"

आणि आम्ही शोधू लागलो. शनिवारी त्याच्या गाडीतून, मागे स्लेटचे तुकडे खडखडत, डोंगरातल्या एकेका घरी. लोक चहा देत, लोणी लावून पाव देत, आपल्या गुडघ्यांचं दुखणं सांगत आणि शेवटी म्हणत, "नाही हो, ही नाही ऐकली." एका आजीबाईंनी आम्हाला नवरा-बायको समजून वेगळं असं घरगुती लोणी बांधून दिलं. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "सांगायचं नाहीस का, आपण तसे नाही म्हणून?"

"सांगणार होतो. पण लोणी चांगलं दिसत होतं."

वाटभर आम्ही भांडलो. तो म्हणे, "तुझं वाजवणं म्हणजे कोंबडीनं दाणे टिपणं." मी म्हणे, "निदान कोंबडीला दाणा कुठं संपतो हे कळतं." तो म्हणे, "शांतता काय, मेल्यावर भरपूर मिळते. जिवंतपणी सूर कशाला मारायचे?" मी म्हणे, "न बोललेलंही ऐकू यावं लागतं, लॉर्कन." कुंपणांवर फ्यूशियाची लाल फुलं ओथंबली होती आणि त्याचा हात गाडीच्या गिअरवर होता, माझ्या हातापासून दोन बोटं अंतरावर. ती दोन बोटं नॉकबेगपर्यंत तशीच राहिली.

मला तो आवडत नव्हता. त्याचं वाजवणं तर मुळीच नाही. मग शनिवार उजाडेना म्हणून शुक्रवारी मी पत्त्या का बिघडवत होते?

सप्टेंबर आला. चर्चचं छप्पर ओळीओळीनं करडं, नवं होत गेलं. मी दर सकाळी सायकलवरून जाताना उरलेला तुकडा डोळ्यांनी मोजी आणि त्यात अजून जागा असावी अशी इच्छा करी. प्रार्थनेच्या जागेवरून जाताना तिचं छप्पर पुरं होऊ नये असं मागणं, हे पाप की काय, कोण जाणे.

*

शेवटच्या शुक्रवारी तो पत्त्यांच्या खोलीत आला, तेव्हा अंगावर धूळ नव्हती. धुतलेला शर्ट, हातात पाइपची पेटी. म्हणजे छप्पर झालं होतं.

"उद्या सकाळी निघतो," तो म्हणाला. "चाल सापडली नाही. मला वाईट वाटतंय."

"मलाही," मी म्हणाले. "म्हणजे चालीचं."

"चालीचंच."

पाऊस खिडकीवर बोटं वाजवत होता. दोघंही उगाच बाकावरच्या वेताच्या ढलप्या गोळा करू लागलो. मग तो म्हणाला, "जाण्यापूर्वी एक पैज. तू माझ्यासारखं वाजव, मी तुझ्यासारखं. जो आधी हसेल त्यानं चहा करायचा."

मी पाइप चढवले. गुडघ्यावरचं चामडं काढून बाजूला ठेवलं, आणि नेहमीची एक चाल उघडी वाजवायला गेले. बोटं ऐकेनात. ती सवयीनं मिटत, मी ती ओढून उघडत होते. जुनं दार कुरकुरावं तसा आवाज. तो हसला नाही. नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यानं माझी उरलीसुरली बोटंही चुकली.

"आता तू," मी म्हणाले.

त्यानं माझं चामडं स्वतःच्या गुडघ्यावर बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा तो बसून वाजवणार होता. "कोणती वाजवू? माझी आवरायची चाल घेतो. तुझी नावडती. तुकडे तुकडे करून देतो तुला, मिटवून, घडी घालून."

आणि त्यानं सुरू केलं. सावकाश. अगदी माझी नक्कल, ओठ घट्ट मिटून, मान ताठ. एक सूर. टाका. दुसरा सूर. टाका. मला हसू फुटणारच होतं. पहिला भाग दोनदा झाला. अनोळखी होता, पण इतका गोड की मी हसायचं विसरले. उन्हाळाभर हे त्या धबधब्याखाली होतं? मग त्यानं वळण घेतलं आणि दुसरा भाग सुरू केला...

मी ताडकन उठले.

"थांब! पुन्हा!"

"काय झालं?"

"तो दुसरा भाग. पुन्हा वाजव. मिटूनच वाजव!"

त्यानं वाजवला. आता त्यालाही ऐकू आलं. त्याची बोटं जागीच थिजली. बाबांचा जिना. तीच पायरी, तीच चढण. मी जन्मभर जी सुरुवात समजत होते, तो शेवट होता. डब्लिनच्या कपाटांत मी शेवटाच्या नावानं सुरुवात शोधत होते. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना चाल उलटी धरून दाखवत होते. आणि ती दर रविवारी, माझ्या कोटाच्या बाह्यांपाशी, धो धो वाहत होती. मी तिला पन्हळ म्हणत दाराबाहेर पडत होते.

"तू जुलैत वाजवलीस तेव्हा मला ओळखू कशी आली नाही?" तो पुटपुटला. "माझ्या आजोबांची चाल..."

"मी मिटलेली वाजवली ना. आणि उलट्या टोकानं."

"शब्दसुद्धा आहेत तिला," तो म्हणाला, आणि हलकेच, पावसापेक्षाही हलकेच म्हणू लागला. पहिला भाग गड्याचा:

*कुणाच्या वाटेनं आलीस गं पोरी,*
*पायांत चिखल नि केसांत वारा?*

आणि दुसरा, बाबांचा:

*वाटच चुकले रे, तुझ्याच दारी,*
*आता तू उघड, की जाऊ माघारा?*

माझे बाबा पन्नास वर्षं नुसतं उत्तर वाजवत होते. प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. चहा कुणी करायचा ते ठरलंच नाही.

*

बाबा स्वयंपाकघरात चुलीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, मोठ्यानं, ओठ नीट हलवत म्हणाले, "बाबा! चाल मिळाली. अख्खी."

त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले.

मी वाजवली. शेजारच्या खोलीत लॉर्कननं नुकताच शिकवलेला पहिला भाग, मग बाबांचा. आमच्या घराण्याच्या रीतीनं, एकही सूर दुसऱ्याला न शिवता. इतकं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं. बाबांनी डोळे मिटले होते, कान माझ्याकडे केला होता. शेवटचा सूर मिटवला, नळी गुडघ्यावर दाबली आणि वर पाहिलं.

बाबा अजून वाट बघत होते.

"पाइपचे पट्टे आवळून झाले ना?" ते म्हणाले. "कर की सुरू."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मग त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, चूक केलेल्या माणसाची.

"झाली का वाजवून?"

"बाबा... तुम्हाला..."

"तुझे सूर बारीक, नुआला. माझ्याच शिकवणीचे. ते आता पोचत नाहीत." त्यांनी माझा हात हातात घेतला. "मे महिन्यापासून मी तुझी बोटंच ऐकतो गं. ओळखीच्या चाली कळतात बोटांवरून. ही नवी, ती कशी कळावी?"

सबंध उन्हाळा. रोज संध्याकाळी मी वाजवी, ते मान डोलावत आणि 'छान' म्हणत. मला नाताळापर्यंत मुदत होती असं मी समजत होते. ती केव्हाच सरली होती. मी पिशवीवर डोकं टेकून रडले. हवा उसासा टाकत निघून गेली.

लॉर्कन दाराशी उभा होता. निघून जावं की राहावं, त्याला सुचत नव्हतं. बाबांनी त्याला बोटानं बोलावलं.

"ए वेक्सफर्ड. तू उभ्यानं वाजवतोस म्हणे."

"हो, काका."

"घोड्यांना ऐकू जाईल असं."

"हो."

"वाजव मग."

त्यानं एक पाय आमच्या कोळशाच्या पेटीवर ठेवला. आणि त्या स्वयंपाकघरात, जिथं तीन पिढ्यांत एकही सूर मोकळा सुटला नव्हता, तिथं त्याची चाल सुटली. ताटल्या फडताळात थरथरल्या. पहिला भाग... बाबांचं डोकं किंचित कललं. कान त्या दिशेला वळला, फूल उन्हाकडे वळावं तसा. पहिला भाग पुन्हा. मग वळण...

बाबा उभे राहिले.

मी डोळे पुसले, पिशवीत हवा भरली. नळी गुडघ्यावरून उचलली आणि उचललेलीच ठेवली. दुसऱ्या भागात मी त्याच्याबरोबर होते, उघडी, चुकत, सांडत, एका सुराचा हात सोडायच्या आत दुसऱ्याचा धरत. बोटं या वेळी भांडली नाहीत. बाबांनी एक तळहात त्याच्या नळीच्या तोंडाशी धरला, एक माझ्या. आम्ही किती वेळा फिरून फिरून वाजवली, मोजली नाही.

थांबलो तेव्हा बाबांचे गाल ओले होते.

"गळतंय," ते म्हणाले. "पण ऐकू येतंय."

मग ते खाली बसले, आणि चुलीकडे बघत बोलले. "एकोणीस वर्षांचा होतो. घोड्यांच्या बाजाराला गेलो होतो वडिलांबरोबर. लांबून ऐकू आलं. गर्दीतून, शेपट्यांमधून, खुरांमधून वाट काढत पोचलो. एक माणूस गाडीवर उभा. मला वाटलं आत्ताच सुरू केलं त्यानं. एवढंच पदरात पडलं, आणि पाऊस आला. त्यानं पाइप कोटाखाली घेतले नि गेला."

"तो उघडं वाजवत होता," मी म्हणाले. बाबांनी माझे ओठ वाचले.

"जगातलं सगळ्यांत सुंदर वाजवणं होतं ते," बाबा म्हणाले. "घरी सांगितलं असतं तर वडिलांनी पाइप फोडले असते. म्हणून मिटून आणलं. मिटलेलंच ठेवलं." त्यांनी लॉर्कनकडे पाहिलं. "तुझ्या आजोबाला डाव्या गालावर तीळ होता?"

"हो," लॉर्कन म्हणाला. आवाज अगदीच मिटलेला.

"मग एक काम कर. पहिला भाग पुन्हा वाजव. तो मी चुकवला होता."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी फाटकाशी उभी होती. मागे शिड्या, हातोडे, उरलेली स्लेट. पाऊस नव्हता, नुसती ओली, पांढरी हवा. मी पहाटेच उठून एक पत्ती केली होती, ती डबीत घालून त्याला दिली.

"ही बाबांच्या रीतीची?" त्यानं विचारलं.

"नाही. उघडी वाजेल अशी तासलीय. पहिल्यांदाच." मी डबीकडे बघत बोलत होते. "पण ही इथल्या ओलाव्यातली आहे. तुमच्याकडची हवा कोरडी. महिन्याभरात रुसेल."

"मग काय करायचं?"

"आणून द्यायची. मी दुरुस्त करून देईन."

"महिन्यानं?"

"पंधरा दिवसांतही रुसतात काही. सांगता येत नाही."

तो काहीतरी बोलणार होता. नेहमी इतकं घळघळ बोलणारा माणूस, त्या सकाळी त्याला एक शब्द सापडेना. आणि मी, जिचे ओठ दोन शब्दांच्या मध्ये मिटतात, मीच म्हणाले, "लॉर्कन, मला तुझं वाजवणं अजून आवडत नाही."

"ठाऊक आहे."

"पण रविवारी ते नसेल, तर मी तिथं काय करू तेही कळत नाहीये."

त्यानं माझा हात धरला. दोन बोटांचं ते अंतर... ते नेमकं कुठं गेलं, मला दिसलं नाही. बाबा भोपळ्यांमध्ये उभे राहून मुद्दाम समुद्राकडे बघत होते.

गाडी गेली. मी आत येऊन पत्त्या तासल्या. सात बिघडवल्या.

नवव्या दिवशी दुपारी दार वाजलं. पावसाचा जोर होता. मी दार उघडलं तर तो उभा, बुटांना चिखल, केस वाऱ्यानं विस्कटलेले, डाव्या भुवईवर थेंब. हातात माझी डबी.

"रुसली?" मी विचारलं.

त्यानं डबी उघडून दाखवली. मी पत्ती उन्हाकडे धरायला गेले, ऊन नव्हतंच. फुंकर मारली. लख्ख, सरळ सूर आला. काहीसुद्धा झालं नव्हतं तिला.

"मग कुणाच्या वाटेनं आलास?"

"वाटच चुकलो," तो म्हणाला.

आतून बाबा मोठ्यानं ओरडले, हल्ली ते सगळंच मोठ्यानं बोलतात, "नुआला! दार कशाला धरून उभी आहेस? घे की त्याला आत, भिजतोय तो!"